साखळीतल्या चुका

राजाजीनगर म्हटले की आजच्या बंगळूरकराला मेट्रोचे स्टेशन, देवळे आणि गजबजलेले रस्ते आठवतात. पण ही वस्ती घडली ती यंत्रांच्या आवाजात. १९५०च्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. राजाजीनगर आणि मल्लेश्वरमच्या सीमेवर किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९४६ साली बंगळूरला सुरू झालेली ही कंपनी म्हणजे मराठी उद्योजकतेने कर्नाटकात रोवलेला एक भक्कम पाय. तिच्या जागेवर आता मॉल आणि उंच इमारती आहेत. मोठा कारखाना आला की त्याच्या मागोमाग लहान कारखाने येतात, कारण मोटरला कपलिंगचा बुश लागतो, शाफ्टला ऑइल सील लागते, झाकणाला गॅस्केट लागते आणि केबलला आवरण लागते. या सगळ्यांत रबर असते. राजाजीनगरपासून मागडी रोड आणि पीण्यापर्यंतच्या पट्ट्यात रबराचे सुटे भाग करणारे लहान कारखाने आहेत ते या गरजेतूनच.

तिथे कच्चा माल दोन वाटांनी येतो. एक वाट झाडाची. केरळात किंवा दक्षिण कन्नड जिल्ह्यात झाडाचा चीक गोठवायचा, लाटायचा आणि धुरावर वाळवायचा. त्याचे तपकिरी शीट होते, बाजारात त्याला आरएसएस म्हणतात. दुसरी वाट पेट्रोकेमिकल कारखान्याची. एसबीआर, नायट्राइल, ईपीडीएम या नावांच्या गाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतात. दोन्ही माल त्याच दोन रुळांच्या मिलमधून जातात, दोन्हींत काजळी, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल आणि गंधक मिसळतात आणि दोन्ही त्याच प्रेसमध्ये शिजतात. गिऱ्हाईक विचारते ते एवढेच: हे ओरिजनल रबर आहे की सिंथेटिक?

हा प्रश्न अर्धा आहे, आणि अर्ध्या प्रश्नामुळे चुकीचा माल चुकीच्या जागी बसतो. रबर कुठून आले यापेक्षा त्याच्या रेणूंची मांडणी कशी आहे यावर त्या वस्तूचे आयुष्य ठरते. ही मांडणी उलगडायला रसायनशास्त्राला शंभर वर्षे लागली, आणि तिची पूर्ण नक्कल अजूनही साधलेली नाही.

१८२६ मध्ये मायकेल फॅरडेने रबराचे पृथक्करण केले. पाच कार्बनमागे आठ हायड्रोजन, हे प्रमाण त्याने दाखवून दिले. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्सने रबर तापवून त्याच्या वाफेतून एक पातळ द्रव वेगळा काढला आणि त्याला आयसोप्रीन नाव दिले. त्यातही पाच कार्बन, आठ हायड्रोजन. मूळ घटक हाती आला, पण हे घटक एकमेकांना कसे जोडलेले आहेत ते कळेना. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल हॅरिस याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरावर ओझोन सोडला. ओझोन दुहेरी बंध बरोबर तोडतो, म्हणून तुकडे पाहून मूळ रचना ताडता येते. तुकडे सगळे एकाच प्रकारचे निघाले. त्यावरून हॅरिसने अनुमान काढले की दोन-दोन आयसोप्रीनची लहान वलये आहेत आणि ती कसल्यातरी दुय्यम आकर्षणाने एकत्र चिकटली आहेत. १९१० मध्ये इंग्लंडमधल्या सॅम्युएल पिकल्सने याला हरकत घेतली. त्याच्या मते वलये वगैरे काही नाहीत, एका घटकाला पुढचा घटक खऱ्या रासायनिक बंधाने जोडलेली ती लांब साखळी आहे.

त्या काळी हजारो अणूंचा एक रेणू असू शकतो ही कल्पनाच बहुतेकांना पटत नव्हती. १९२० पासून हर्मान स्टाउडिंगर याने ती लावून धरली, आणि १९२२ मध्ये सहकारी फ्रित्शीबरोबर केलेला त्याचा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ युक्तिवाद वाटतो. हॅरिसच्या मते दुय्यम आकर्षण दुहेरी बंधांमुळे होते. मग हायड्रोजन घालून ते दुहेरी बंधच भरून टाकले तर वलये सुटी व्हायला हवीत आणि त्यांची वाफ करता यायला हवी. स्टाउडिंगरने हायड्रोजन घातला. रबर पूर्वीसारखेच जड राहिले, वाफ झाली नाही. साखळी खरी होती. या कामाला नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले.

तरीही एक कोडे उरले होते: गटापर्चा. आग्नेय आशियातल्या एका झाडाचा हा चीक. १८४०च्या दशकात सिंगापूरमधल्या विल्यम मॉन्टगोमेरी या स्कॉटिश सर्जनने तो लंडनच्या नजरेला आणला आणि १८५१ मध्ये इंग्लिश खाडीखालून गेलेल्या तारेवर त्याचेच आवरण चढले. गटापर्चाचेही सूत्र पाच कार्बन, आठ हायड्रोजन. ओझोनने तोडल्यावर तुकडेही रबराचेच. पण रबर ताणते आणि गटापर्चा ताणत नाही. तो कडक असतो, गरम केल्यावर मऊ होतो. ओझोनने हे कोडे सुटणे शक्यच नव्हते, कारण फरक जिथे दडला होता तो दुहेरी बंधच तो तोडत होता.

एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, दुहेरी बंधाभोवती फिरू शकत नाहीत. प्रत्येक आयसोप्रीन घटकाच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो. साखळी त्या बंधात ज्या बाजूने शिरते त्याच बाजूने बाहेर पडली तर ती रचना सिस, समोरच्या बाजूने बाहेर पडली तर ट्रान्स. एकदा ठरले की ते कायमचे. रबराचे जवळपास सगळे घटक सिस, गटापर्चाचे सगळे ट्रान्स. ट्रान्स साखळी सरळ असते, शेजारच्या साखळीला लागून नीट बसते आणि साध्या तापमानालाच तिचे स्फटिक बनतात, म्हणून ती कडक. सिस साखळी प्रत्येक घटकापाशी वळते, तिला शेजारणीशी जुळवून घेता येत नाही, म्हणून ती मोकळी आणि मऊ. क्ष-किरणांनी मोजले तेव्हा ताणलेल्या रबराच्या साखळीत तीच आकृती सुमारे ०.८१ नॅनोमीटरने पुन्हा येते असे दिसले, तर गटापर्चाच्या एका रूपात सुमारे ०.४७ नॅनोमीटरने. राजाजीनगरच्या कुठल्याही दंतवैद्याकडे रूट कॅनॉल करून घेतलेल्या माणसाच्या दाढेत बहुधा हाच गटापर्चा भरलेला असतो. अणू तेच आणि तितकेच, बंधांची संख्याही तीच. एक रचना गाडीखाली झटके खाते, दुसरी दाढेतली पोकळी हलू न देता भरून ठेवते.

रबर ताणले की मागे का येते, याचे उत्तर बंधांच्या ताणात नाही. वाटीतल्या शेवयांसारखा साखळ्यांचा गुंता असतो, फक्त इथली प्रत्येक शेवई उष्णतेने सतत हलत असते. गुंतलेल्या अवस्थेत राहायचे असंख्य प्रकार आहेत, सरळ ताणलेल्या अवस्थेचे मोजकेच. म्हणून सोडल्याबरोबर साखळी गुंत्याकडे परतते. अंध इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन गॉफ याने १८०५ मध्येच रबराची पट्टी झटकन ताणून ओठांना लावली आणि ती गरम लागते हे नोंदवले. वजन टांगलेली रबराची पट्टी तापवली तर लांबत नाही, आखडते. धातूची तार करते त्याच्या बरोबर उलट. घरच्या रबरबँडवर हे कोणालाही पाहता येईल. साखळ्या एकमेकींवरून घसरून कायमच्या निसटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये गंधकाचे दुवे घालावे लागतात. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गवसलेली गोष्ट हीच, आणि राजाजीनगरच्या प्रेसमध्ये आजही होते ती हीच. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक पुरते.

यापुढची गोष्ट नैसर्गिक रबराचे खरे वैभव आहे. १९२५ मध्ये डच शास्त्रज्ञ काट्झ याने ताणलेल्या रबरातून क्ष-किरण सोडले. सैल रबराने धूसर वलय दिले होते. ताणलेल्याने स्फटिकासारखे ठळक ठिपके दिले. म्हणजे ताण पुरेसा वाढला की मोकळ्या सिस साखळ्या एका दिशेने ओळीत येतात, एकमेकींशी जुळतात आणि स्फटिक बनतात. ताण सोडला की स्फटिक विरघळतात. हे स्फटिक जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच बनतात, म्हणजे एखाद्या चिरेच्या टोकाशी. चीर पुढे सरकायला लागली की तिच्या वाटेतले रबर आपोआप कणखर होते. काजळी न घातलेले, नुसते गंधकाने शिजवलेले नैसर्गिक रबर २० मेगापास्कलच्या पुढचा ताण सोसते. तसेच शिजवलेले एसबीआर दोन-तीन मेगापास्कललाच तुटते. ही तफावत वाचताना छापखान्याची चूक वाटावी इतकी मोठी आहे, आणि ती सगळी मांडणीतल्या शिस्तीतून येते.

एसबीआरमध्ये, म्हणजे स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांच्या रबरात, ती शिस्त नाही. ब्युटाडाइन साखळीत तीन प्रकारे शिरू शकते: सिस, ट्रान्स किंवा बाजूला फाटा फुटून. साबणाच्या पाण्यात केलेल्या नेहमीच्या एसबीआरमध्ये ब्युटाडाइनचे सुमारे दोनतृतीयांश घटक ट्रान्स असतात आणि उरलेले सिस व फाटे जवळपास निम्मेनिम्मे. त्यात वजनाने साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास स्टायरीन, तेही कुठेही. अशा साखळ्यांना ओळीत यायला जुळणारे असे काही नसते, म्हणून कितीही ताणले तरी स्फटिक होत नाहीत. एसबीआरला बळ येते ते काजळीतून.

तरीही ते जगभर गेले, कारण गरज आली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीने डायमिथाइल ब्युटाडाइनपासून मिथाइल रबर केले, दोन हजार टनांहून अधिक. प्रत्येक घटकावर आयसोप्रीनपेक्षा एक मिथाइल गट जास्त, आणि थंडीत ते कडक व्हायचे. युद्ध संपले तसे तेही संपले. सोव्हिएत रशियात लेबेदेवने अल्कोहोलपासून ब्युटाडाइन आणि त्यापासून रबर करून दाखवले, १९३२ मध्ये तिथे कारखानाही सुरू झाला. जर्मनीत बुना निघाले, अमेरिकेत ड्यूपाँने क्लोरोप्रीनचे निओप्रीन आणले. १९४२च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि जगातल्या बहुतेक सगळ्या नैसर्गिक रबराचा पुरवठा मित्रराष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेने सरकारी योजनेखाली एसबीआरचे कारखाने इतक्या वेगाने उभारले की युद्ध संपेपर्यंत कृत्रिम रबराचे वार्षिक उत्पादन सात लाख टनांच्या वर पोचले होते. युद्धाची गाडी या रबरावर चालली. पण ट्रकच्या टायरमध्ये ते तापायचे, आणि ही तक्रार पुढेही राहिली.

मग १९५४ आले. त्सीग्लर आणि नाट्टा यांच्या उत्प्रेरकांनी साखळीतला प्रत्येक घटक हव्या त्या बाजूने बसवता येऊ लागला. त्यांच्या पद्धतीवर अमेरिकेत गुडरिचच्या प्रयोगशाळेने आयसोप्रीनपासून जवळपास शुद्ध सिस साखळी तयार केली. फायरस्टोनने त्याच सुमारास लिथियम वापरून तसेच रबर काढले. वृत्तपत्रांनी झाडाचे रबर माणसाने केले असे लिहिले, आणि सूत्रापुरते ते खरेच होते. हे कृत्रिम पॉलिआयसोप्रीन. व्यापारात त्याला आयआर म्हणतात. नैसर्गिक आणि कृत्रिम यांची तुलना खऱ्या अर्थाने करायची तर ती इथे करायला हवी, एसबीआरशी नव्हे. एसबीआर हे दुसरेच रबर आहे. आयआर त्याच घटकांचे आहे, त्याच जोडणीचे आहे, आणि तरी थोडे उणे पडते.

का उणे पडते, यावर आकडेमोड करून पाहू. दहा लाख रेणुभाराच्या साखळीत साधारण १५,००० आयसोप्रीन घटक असतात. टायटॅनियम उत्प्रेरकाने केलेल्या चांगल्या आयआरमध्ये ९८ टक्के घटक सिस असतात. उरलेले दोन टक्के म्हणजे एका साखळीत ३०० चुका, दर पन्नास घटकांमागे एक. लिथियमच्या आयआरमध्ये सिसचे प्रमाण ९० ते ९२ टक्के. तिथे दर दहा-बारा घटकांमागे एक चूक. झाडाच्या साखळीत सुरुवातीच्या टोकाशी दोन-तीन ट्रान्स घटक असतात आणि त्यापुढे हजारो घटक एकही न चुकता सिस. स्फटिक बनताना साखळीचा सलग सरळ तुकडा हवा असतो. दर पन्नास घटकांवर खोडा आला तरी स्फटिक होतात, पण उशिरा आणि कमी. दर बारावर आला तर फारच कमी. ९८ टक्के हा आकडा परीक्षेत उत्तम, साखळीत मात्र तो अपुरा.

अनेक वर्षे हेच स्पष्टीकरण पुरेसे मानले गेले. पण वाळलेल्या नैसर्गिक रबरात सहा टक्क्यांच्या आसपास जे रबर नसते त्याचे काय, हा प्रश्न मागाहून आला. त्यात प्रथिने असतात, मेदाम्ले, फॉस्फोलिपिड, थोडी साखर, क्षार. जपानमधल्या यासुयुकी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीच्या टोकांचा माग काढला. त्यांच्या मांडणीप्रमाणे एका टोकाशी प्रथिनांशी संबंध असलेला गट असतो आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फोलिपिड जोडलेले असते. ही टोके एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे गंधक घालण्यापूर्वीच नैसर्गिक रबरात एक सैल जाळे तयार असते. म्हणूनच कच्चे शीट गोदामात पडून राहिले तरी हळूहळू कडक होत जाते आणि मिलवरच्या कारागिराला ते आधी रुळांत चेचून मऊ करावे लागते. झाडाने बांधलेली लांब साखळी तिथे यंत्राच्या जोराने तुटते आणि हवेतला प्राणवायू तुटक्या टोकांना पुन्हा जुळू देत नाही. आयआरला हे चेचणे फारसे लागत नाही, हा त्याचा मोठा व्यावहारिक फायदा.

हे सैल जाळे सर्वांत उपयोगी पडते टायर बांधताना. न शिजवलेले कंपाउंड साच्यात जाईपर्यंत ताणले, फुगवले जाते. ते त्या वेळी लोंबू नये, फाटू नये. नैसर्गिक रबर इथे आयआरच्या फार पुढे असते. प्रयोगात नैसर्गिक रबरातली प्रथिने काढली आणि टोकांवरचे मेदाम्लांचे गट रासायनिकरीत्या तोडले, तेव्हा ही कच्ची ताकद आयआरइतकी खाली आली. साखळी मात्र तीच होती, तितकीच सिस. सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांनी, रबर ताणले जात असतानाच केलेल्या मोजणीत नैसर्गिक रबरात स्फटिक कमी ताणावर सुरू होतात असेही दिसले आहे. दोन्ही बाजूंचा पुरावा पाहता माझे मत असे झाले आहे की साखळीची शिस्त स्फटिकाची कमाल मर्यादा ठरवते आणि टोकांवरची प्रथिने-मेद तिथे किती लवकर पोचायचे ते ठरवतात. केवळ सिसच्या टक्केवारीवर सगळे श्रेय टाकणारी जुनी पाठ्यपुस्तके अपुरी पडतात, आणि केवळ प्रथिनांवर टाकणारे नवे लेखही. जी प्रथिने इथे उपकारक ठरतात तीच हातमोज्यांत काहींना तीव्र ॲलर्जी देतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांसाठी पुष्कळ ठिकाणी आयआर वापरतात. तिथे त्याचे उणेपण हाच गुण.

इतर रबरांचा हिशेब लवकर सांगता येतो, कारण प्रत्येकाच्या मांडणीत एक ठळक गोष्ट आहे. नायट्राइलमध्ये साखळीवर ध्रुवीय गट आहेत, म्हणून खनिज तेल आत शिरत नाही. नैसर्गिक रबर त्याच तेलात फुगते. ब्युटाइल रबरावर मिथाइल गटांची इतकी दाटी असते की हवेचे रेणू त्यातून फार सावकाश सरकतात, म्हणून ट्यूब आणि ट्यूबलेस टायरचा आतला थर त्याचा. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नाहीत. हवेतला ओझोन, जो हॅरिसने प्रयोगशाळेत वापरला तोच, ताणलेल्या नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडून आडव्या भेगा पाडतो, पण ईपीडीएमला तोडायला त्याला काही सापडत नाही. गाडीच्या दाराखिडक्यांची पट्टी म्हणूनच ईपीडीएमची. निओप्रीनची साखळी बहुतांशी ट्रान्स असते आणि ताणल्यावर तिचेही स्फटिक होतात. क्लोरिनमुळे ऊन, ओझोन आणि आग यांना ती सहजासहजी दाद देत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने पुलाच्या गर्डरखाली बसणाऱ्या रबरी बेअरिंगसाठी क्लोरोप्रीन सांगितले ते या गुणांमुळे. थंडीचा निकष वेगळा. नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास काचेसारखे होते, एसबीआर उणे ५०च्या आसपास, सिस पॉलिब्युटाडाइन उणे १००च्याही खाली. बंगळूरच्या हवेत याने काही बिघडत नाही, लडाखला जाणाऱ्या ट्रकसाठी मात्र विचार करावा लागतो.

भारतात या दोन वाटा एकमेकींत कशा मिसळल्या याचा एक मोलाचा दाखला बरेलीत आहे. १९६३ मध्ये किलाचंद उद्योगसमूहाच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्स कंपनीने तिथे एसबीआर काढायला सुरुवात केली. ब्युटाडाइन कशापासून? उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून. म्हणजे देशातल्या पहिल्या कृत्रिम रबराचा कार्बन शेतातून आला होता.  ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राच्या वाचकाने बरेलीची ही गोष्ट विसरू नये असे मला वाटते; झाडाचे म्हणजे नैसर्गिक आणि कारखान्याचे म्हणजे खनिज तेलाचे, ही विभागणी आपल्याच देशात पहिल्याच पावलाला मोडली होती.

झाडाची वाटही सोपी नाही. देशात वर्षाला साधारण साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर होते आणि चौदा लाख टनांच्या आसपास लागते. उरलेले आयात. लागवड केरळबाहेर नेण्याचे प्रयत्न म्हणून महत्त्वाचे. दक्षिण कन्नडमध्ये सुळ्ये-पुत्तूरच्या परिसरात कर्नाटकच्या वनविकास महामंडळाच्या रबरबागा आहेत. श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ कुटुंबांना तिथे काम मिळाले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात केरळी बागायतदारांनी रबर लावले आणि त्यासाठी डोंगरावरचे जंगल तोडले गेले, ज्या जंगलातून वाघ आणि हत्ती ये-जा करतात. नैसर्गिक रबर निरुपद्रवी असते असे समजणाऱ्याने एकदा याच पट्ट्यातल्या तिलारीच्या परिसरात जाऊन यावे. पालघर जिल्ह्यात दापचरीला भारतीय रबर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. उत्तर कोकणातल्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात हे ॲमेझॉनचे झाड कसे तगते, हे तिथे अभ्यासले गेले आहे. निपाणीजवळच्या कणगल्यात एचएलएल लाइफकेअरचा कारखाना चिकापासून निरोध बनवतो. इतका पातळ पापुद्रा इतका ताणला जाऊनही फाटत नाही, त्यामागे ताणाखाली बनणारे तेच स्फटिक.

जगातली जवळपास सगळी लागवड हेन्री विकमने १८७६ मध्ये ब्राझीलमधून नेलेल्या बियाण्यापासून आलेली आहे. त्या सत्तर हजार बियांतून लंडनमधल्या क्यूच्या बागेत जेमतेम २,७०० उगवल्या. ब्राझीलमधला पानांचा करपा आशियात पोचला तर एवढ्या अरुंद वंशाची झाडे त्याला बळी पडू शकतात. म्हणून ग्वायुले या मेक्सिकोच्या झुडपावर आणि रशियन डँडेलियनवर काम चालते. ग्वायुले हा आपल्या बांधावरच्या गाजरगवताचा एकाच वंशातला भाऊ आहे, आणि त्याची साखळीही सिस आहे.

तर राजाजीनगरच्या कारखान्यात ऑर्डर देणाऱ्याने काय लिहावे? ‘ओरिजनल रबर’ हे शब्द वगळून, सुटा भाग कशात बुडणार आहे, किती तापणार आहे, उन्हात राहणार आहे की इंजिनात, सारखा ताणला जाणार आहे की दाबून बसणार आहे, हे लिहावे आणि मग पॉलिमरचे नाव आणि शोअर कठीणता ठरवावी. झटके खाणारा माउंट असेल तर नैसर्गिक. गिअरबॉक्सचे सील असेल तर नायट्राइल. छतावरची पट्टी असेल तर ईपीडीएम. शंका असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली रबर उत्पादकांची संशोधन संस्था नमुना तपासून देते.

नैसर्गिक रबर आणि चांगले आयआर यांत फरक करणे मात्र प्रयोगशाळेलाही अवघड जाते. अवरक्त वर्णपट जवळपास सारखा येतो. नायट्रोजन मिळाला तर प्रथिने आहेत, म्हणजे झाडाचे, पण धुऊन शुद्ध केलेल्या रबरात तोही नसतो. अशा वेळी कार्बन-१४ मोजता येतो: झाड आजच्या हवेतला कार्बन घेते, खनिज तेलातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. उद्या साखर आंबवून आयसोप्रीन काढले, आणि तसे प्रयत्न झालेले आहेत, तर ही खूणही पुसली जाईल. मग उरेल फक्त साखळीतल्या चुकांची मोजणी.

त्या चुका झाड का करत नाही, याचे उत्तर गेल्या दशकात बरेच जवळ आले. चिकातल्या रबराच्या प्रत्येक सूक्ष्म कणाभोवती मेदाचा पापुद्रा असतो आणि साखळी वाढवणारे विकर त्या पापुद्र्यात रुतलेले असते. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी तीन प्रथिने मिळून हे काम करतात असे दाखवले आणि ती प्रथिने परीक्षानळीत तयार करून धुतलेल्या रबरकणांवर बसवली. साखळी पुन्हा वाढली, लांब आणि सिस. तीच विकरे नुसत्या पाण्यात ठेवली तर लहान तुकड्यांवर थांबतात. तो पापुद्रा लागतोच. कारखान्यातले धातूचे उत्प्रेरक एकामागून एक घटक जोडत जातात, त्यांना असा आधार नसतो. निओडिमियमच्या उत्प्रेरकांनी सिसचे प्रमाण ९८च्या वर नेले आहे, आणि कृत्रिम साखळीच्या टोकांना झाडासारखे ध्रुवीय गट जोडण्यावर आता काम सुरू आहे.